टेबलावरची बार्शी लाइट : लातूरचा माळ घरात कसा उभारावा

घरात छोटी रेल्वे मांडणाऱ्या बहुतेकांची सुरुवात सारखीच होते. इंजिन येते, रुळांचे गोल कडे येते, गाडी फिरू लागते आणि आठवड्याभरात तिचे नावीन्य संपते. गाडी फिरते, पण कुठेच जात नाही, कारण तिला गाव नसते. हे गाव उभारण्याच्या कामाला मॉडेल रेल्वेच्या जगात ‘सीनरी’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘देखावा’ हा शब्द आधीपासून आहे आणि ही कलाही आपल्याला नवी नाही. महालक्ष्म्यांपुढची आरास, गणपतीचा देखावा, दिवाळीत अंगणात मांडलेल्या शेणाच्या गवळणी आणि पांडव हे सारे लहान मापात जग मांडण्याचेच प्रकार आहेत.

अडचण येते ती तयार साहित्याची. बाजारात मिळणारी मॉडेलची झाडे, गवत आणि डोंगर युरोप-अमेरिकेच्या भूमीवरून बेतलेले असतात. गर्द हिरवे कुरण, सूचिपर्णी वृक्ष, टोकदार शिखरे. त्यातून फिरणारी गाडी लातूरची वाटत नाही. लातूरचा देखावा लातूरच्या मातीकडे बघूनच बनवावा लागतो, आणि त्याला लागणारे निम्मे साहित्यही त्याच मातीत पडलेले असते. ते ओळखायचे कसे आणि वापरायचे कसे, हे या लेखात क्रमाने पाहू.

कोणती गाडी घ्यावी

लातूरसाठी उत्तर सरळ आहे : बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने अरुंद रुळांवरही भरपूर माल नेता येतो हे दाखवण्यासाठी ही रेल्वे उभी केली. तिचे रूळ अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर अंतराचे होते. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला. लातूर त्या वेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे बार्शीकडून येणारी गाडी ब्रिटिश मुलूख सोडून संस्थानी मुलखात शिरत असे. १९५४ मध्ये सरकारने ही कंपनी विकत घेतली. पुढे रुंदीकरण आले. लातूर ते उस्मानाबाद (आजचे धाराशिव) मोठी गाडी २००७ मध्ये आणि तिथून कुर्डुवाडीपर्यंत २००८ मध्ये धावू लागली. छोटी गाडी संपली.

मॉडेलच्या दृष्टीने या रेल्वेचे एक भाग्य आहे. जगात सर्वाधिक चालणारे माप एचओ, म्हणजे १:८७. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुले झाले. तिथल्या गाड्या याच मापाच्या आहेत. आता हिशेब बघा. भारतीय ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचे. त्याला ८७ ने भागले तर १९ मिलिमीटरहून थोडे अधिक येते, पण एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटरचे असतात, म्हणजे अरुंद. बार्शी लाइटच्या ७६२ ला ८७ ने भागले तर पावणेनऊ मिलिमीटर येतात, आणि ‘एन’ नावाच्या छोट्या मापाचे तयार रूळ ९ मिलिमीटरचे मिळतात. फरक पाव मिलिमीटरचा. म्हणून एन मापाचे रूळ आणि चाके घेऊन त्यांवर एचओ मापाचे डबे, माणसे आणि घरे बसवली की बार्शी लाइट जवळजवळ अचूक उतरते. या जोडणीला ‘एचओई’ म्हणतात. एन मापाच्या इंजिनाची मोटर आणि चाके कायम ठेवून वरचे अंग जाड कार्डशीटमधून कापून बनवता येते.

दुसरा फायदा जागेचा. छोट्या गाडीला तीव्र वळण चालते. पंचवीस-तीस सेंटिमीटर त्रिज्येचे वळण बसले की अडीच फूट रुंद आणि चार-साडेचार फूट लांब प्लायवर पूर्ण फेरी होते. एवढी फळी दिवाणाखाली सरकवूनही ठेवता येते.

मापाचा तक्ता मनात ठेवा

देखाव्याचा विचका बहुधा मापात होतो. रंग कमी-जास्त झाला तर चालतो, पण दारापेक्षा उंच बकरी चालत नाही. १:८७ मध्ये काही नेहमीची मापे अशी येतात :

- साडेपाच फुटांचा माणूस : १९ मिलिमीटर
- सहा फुटांचे दार : २१ मिलिमीटर
- साडेतीन मीटर उंचीचे माळवदाचे घर : ४ सेंटिमीटर
- बारा मीटरचा कडुलिंब : जवळजवळ १४ सेंटिमीटर
- पुरुषभर वाढत चाललेली, दीड मीटरची ज्वारी : १७ मिलिमीटर
- एक किलोमीटर अंतर : साडेअकरा मीटर

शेवटची ओळ पुन्हा वाचा. सव्वातीनशे किलोमीटरची बार्शी लाइट पूर्ण बनवायची तर मॉडेलही पावणेचार किलोमीटरचे होईल. म्हणजे सगळे बनवता येत नाही, निवडावे लागते. देखाव्याची कला म्हणजे मुख्यतः ही निवड.

एक जागा, एक ऋतू, एक प्रहर

नवखा माणूस एकाच फळीवर घाट, गंज गोलाई, मांजरा नदी, कारखाना आणि किल्ला असे सगळे मांडतो. मग ते प्रदर्शनाच्या मंडपासारखे दिसते. त्याऐवजी कागदावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : जागा कोणती, महिना कोणता, वेळ कोणती. पुढचा प्रत्येक निर्णय त्या तीन उत्तरांतून निघतो.

या मार्गावर निवडण्यासारख्या जागा भरपूर आहेत. बार्शीकडून येडशीकडे येताना गाडी बालाघाटावर चढे. तिथे रामलिंगचे रान आहे, मंदिर आहे, खडकात कापलेली वाट आहे. पुढे ढोकी, मुरूड, हरंगुळ असा पठाराचा मोकळा मुलूख. शेवटी लातूर, जिथले जुने स्टेशन गावात होते. अडीच बाय चार फुटांत यांतल्या दोनच जागा बसवाव्यात : मागच्या बाजूला घाटाचा एक तुकडा आणि पुढच्या बाजूला पठारावरचे छोटे स्टेशन व शेत. दोहोंच्या मध्ये एक बांध किंवा झाडांची रांग आली की नजर तिथे अडते आणि दोन्ही जागा एकमेकींपासून दूर वाटतात.

महिन्यासाठी मी मार्गशीर्ष सुचवेन, त्यातही वेळा अमावस्या. लातूर-धाराशिव भागात तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी गाव रिकामे होते आणि शेत भरते. कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पाच पांडव मांडून पूजा होते, झाडाखाली भज्जी आणि आंबिलीच्या पंगती बसतात. एवढी माणसे एकाच वेळी शेतात असण्याचे दुसरे कारण वर्षभरात क्वचित सापडेल. हा सण नेमका याच पट्ट्याचा आहे. देखाव्यात येळवस दिसली की गाव कुठले, हे पाटी न वाचता कळते.

वेळ सकाळी दहा-अकराची ठेवली तर सावल्या थोड्या लांब आणि उजेड किंचित पिवळसर येतो. दिवे लावताना हे उपयोगी पडते.

फळीपासून टेकडीपर्यंत

खाली १२ मिलिमीटरचे प्लायवूड आणि त्याला दोन बाय एक इंची लाकडी पट्ट्यांची चौकट. चौकट नसेल तर पावसाळ्यात प्लाय वाकतो आणि रुळांचे सांधे उघडतात. रुळांखाली ३ मिलिमीटरचे कॉर्क किंवा फोमशीट चिकटवावे. त्याने आवाज कमी होतो आणि रूळ जमिनीपेक्षा थोडे उंचावर येतात, जसे ते खरोखर असतात.

रुळांचा चढ शंभराला तीनपेक्षा जास्त ठेवू नये. मीटरभरात तीन सेंटिमीटर चढले तरी डोळ्याला घाट वाटतो आणि हलके इंजिन दोन-तीन डबे ओढून नेते.

टेकडीसाठी पूर्वी सर्रास थर्माकोल वापरत. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे आणि त्याची गरजही नाही. खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या दोन बोटे रुंद पट्ट्या कापाव्यात, टेकडीच्या आकाराप्रमाणे उभ्या-आडव्या विणून स्टेपलरने पक्क्या कराव्यात. वरून फेविकॉलच्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्राचे दोन थर द्यावेत. वाळले की मेडिकलच्या दुकानात हाडाच्या प्लास्टरसाठी मिळते ती पट्टी पाण्यात बुडवून त्यावर अंथरावी. दोन थरांत अंड्याच्या कवचासारखे हलके आणि कडक कवच तयार होते.

प्लास्टर ऑफ पॅरिस वेगळे कालवायचे असेल तर पाण्यात पावडर टाकावी, पावडरीत पाणी ओतू नये, नाहीतर गुठळ्या होतात. एका वेळी वाटीभरच कालवावे, कारण थोड्याच वेळात ते घट्ट होते. उरलेले मोरीत टाकू नये, पाइपात दगड होतो. आणि एक गोष्ट विसरू नये : कालवतानाच त्यात गेरू आणि काजळी मिसळावी. कधी टवका उडाला तरी आतून पांढरे दिसत नाही.

खडकाचा स्वभाव

मराठवाड्याचा डोंगर आल्प्ससारखा टोकदार नाही. इथला खडक लाव्हाच्या एकावर एक पसरलेल्या थरांचा आहे. भूशास्त्रात याला दख्खन ट्रॅप म्हणतात आणि ‘ट्रॅप’ या शब्दाचे मूळ पायरीच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दात आहे. बालाघाटाकडे दुरून पाहिले तर हे लगेच पटते. माथा सपाट, कडेला एक टप्पा, खाली उतार, पुन्हा टप्पा. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे विटकरी रंगाच्या मातीची पट्टी दिसते. जुन्या लाव्हाच्या थरावर पुढचा थर येण्याआधी जी जमीन उघडी होती, तिची ती खूण.

म्हणून खडक कोरताना तीन नियम पाळावेत. आडव्या रेषा मुख्य ठेवाव्यात आणि त्या संपूर्ण कड्यावर एकाच पातळीत जाव्यात. उभ्या भेगा अधूनमधून द्याव्यात, पण त्या थर ओलांडून जाऊ नयेत. पायथ्याशी गळून पडलेल्या दगडांचा उतार ठेवावा, कारण कडा कधीच स्वच्छ जमिनीतून उगवत नाही.

कोरण्यासाठी प्लास्टर पुरते वाळण्याआधी जुना चाकू पुरेसा आहे. चपात्या गुंडाळतो तो चुरगळलेला फॉइल ओल्या प्लास्टरवर दाबला तरी खडबडीत पोत येतो. बाभळीची किंवा चिंचेची जाड साल आडवी लावली तर तीही झिजलेल्या कड्यासारखी दिसते.

रंग तीन हातांत द्यावा. पहिला हात काजळी आणि थोड्या गेरूचा, तपकिरी-काळा. दुसरा हात खूप पातळ काळ्या पाण्याचा. तो आपोआप भेगांत उतरतो. तिसरा हात जवळजवळ कोरड्या ब्रशने, राखेच्या रंगाचा, फक्त कंगोऱ्यांवर. रेल्वेसाठी फोडलेल्या वाटेचा खडक थोडा निळसर करडा ठेवावा, कारण तो नंतर उघडा पडलेला असतो. मधली विटकरी पट्टी शुद्ध गेरूने काढावी. ही एक पट्टी काढली की टेकडी इथली होते.

माती खरीच वापरा

जमिनीसाठी विकतची पावडर आणण्याची गरज नाही. तीन पिशव्या घेऊन एक सकाळ रानात घालवावी. एका पिशवीत काळी, दुसरीत मुरूम, तिसरीत ओढ्याकाठची वाळू. घरी आणून तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवावी, म्हणजे किडे आणि बी मरते. मग आधी मैद्याच्या चाळणीतून आणि नंतर चहाच्या जुन्या गाळणीतून काढावी. वर राहिलेले खडे टाकू नयेत. तेच मॉडेलमधले धोंडे.

यानंतरची पायरी पुष्कळजण चुकवतात. कागदात गुंडाळलेले लोहचुंबक मातीतून दहा-बारा वेळा फिरवावे. आपल्या काळ्या खडकात लोहाचे चुंबकीय कण असतात आणि तो झिजून झालेल्या मातीतही ते उतरतात. चुंबकाला काळी मिशी फुटलेली दिसेल. ही भुकटी रुळांवर राहिली तर इंजिनाच्या मोटरमधले चुंबक ती ओढून घेते आणि मोटर खराब होते.

माती बसवताना जमिनीला आधी मातीच्याच रंगाचा हात द्यावा, वर फेविकॉल फासावे आणि गाळणीने माती भुरभुरावी. काळी माती गोंदाने आणखी काळी होते, म्हणून तिच्यात थोडी राख मिसळावी. लहान मापात सगळेच रंग खऱ्यापेक्षा थोडे फिके ठेवावे लागतात, कारण आपण ते दृश्य लांबून बघत असतो.

काळ्या मातीचा आणखी एक गुण इथे कामी येतो. पाण्यात कालवून जाडसर लिंपली तर वाळताना ती आकसते आणि तिला भेगा पडतात, जशा शेतात पडतात. उन्हाळ्याचा देखावा करणाऱ्याला हे आयते मिळते. येळवशीच्या देखाव्यात मात्र अशा भेगा एखाद्या पडीक तुकड्यापुरत्याच ठेवाव्यात.

काळी कुठे आणि मुरूम कुठे, हेही ठरलेले आहे. सखल भागात काळी, चढावर बरड आणि मुरमाड, ओढ्याच्या काठी वाळू. पायवाट, गाडीवाट आणि स्टेशनचे अंगण फिकट मुरमाचे. एवढे पाळले तरी जमीन बोलू लागते.

रूळ आणि खडी

हे काम जमीन झाल्यावर आणि झाडांच्या आधी करावे. नव्या रुळांची चकाकी आधी घालवावी. कडांना गेरू आणि काजळीचा गंजट हात द्यावा आणि वरचा पृष्ठभाग ओला असतानाच पुसून घ्यावा, कारण वीज तिथूनच वाहते.

मोठ्या मार्गावरची पाच सेंटिमीटरची खडी १:८७ मध्ये अर्धा-पाऊण मिलिमीटरची होते. खडी क्रशरवरची भुकटी चाळून नेमके हे माप काढता येते. तीही चुंबकाखालून काढावी. कोरडीच पसरावी, मऊ ब्रशने स्लीपरांच्या मध्ये बसवावी. मग भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाकलेले पाणी हलके फवारावे. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि पुढचा गोंद थेंब होऊन न थांबता खडीत झिरपतो. त्यानंतर निम्मे फेविकॉल आणि निम्मे पाणी ड्रॉपरने सोडावे. चोवीस तास हात लावू नये. सांधे बदलणाऱ्या काट्यांच्या हलत्या भागात गोंदाचा थेंबही जाऊ देऊ नये.

छोट्या मार्गाची वाट मोठ्यासारखी बांधेसूद करू नये. स्टेशनच्या बाजूच्या रुळांत गवत, माती आणि कोळशाची भुकटी मिसळलेली दाखवावी.

झाडे : बाभूळ आधी शिका

आपल्या मुलखाचे झाड काढायचे तर आधी त्याची रेघ बघावी. कडुलिंब भरगच्च आणि गोलसर. चिंच रुंद, खाली झुकलेली, गडद. बाभळीचे खोड काळे, वाकडे, फांद्या पसरट आणि पाला इतका विरळ की आरपार आकाश दिसते. मॉडेलमध्ये बहुतेकांची बाभूळ कडुलिंबासारखी होते, कारण पाला जास्त लावण्याचा मोह आवरत नाही.

खोडासाठी जळालेल्या मोटरची तांब्याची तार घ्यावी. रिवायंडिंगच्या दुकानात ती मिळते. वीस-पंचवीस तारा एकत्र पिळून खोड करावे, वर जाता जाता दोन-दोन तारा फोडून फांद्या काढाव्यात. फेविकॉल आणि बारीक मातीचा लेप दिला की साल तयार. पाल्यासाठी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी उत्तम. ती हिरव्या-पिवळट रंगात बुडवून, वाळवून, ओढून विरळ करावी आणि फांद्यांवर अडकवावी. वरून लाकूड गिरणीतला रंगवलेला भुस्सा अगदी चिमूटभर. कडुलिंबासाठी स्पंजचे बारीक तुकडे चालतात.

बांधावर बोरी आणि तरवड, ओढ्याला शिंदी, आणि कुंपणाला घायपात. घायपात कागदाची करावी : टोकदार पाती कापून, मधोमध दुमडून, फुलासारखी चिकटवून. दहा-बारा घायपातींची ओळ रुळांच्या कडेने लावली की विकतच्या पॅकेटांतले कुठलेही कुंपण तिच्यापुढे परके दिसते.

सरसकट हिरवा रंग टाळावा. मार्गशीर्षात माळावरचे गवत वाळून सोनेरी झालेले असते. त्यासाठी काथ्या अर्धा सेंटिमीटर कापून, झुबक्यांनी लावावा. हिरवे फक्त जिथे पाणी आहे तिथे.

शेत आणि येळवस

रब्बीच्या ज्वारीसाठी काथ्याचे जुने पायपुसणे कापावे. त्याचे केस पंधरा-सतरा मिलिमीटरवर कातरून हिरव्या रंगाचा फवारा मारला की उभे पीक तयार होते. पट्ट्या ओळीने लावाव्यात, म्हणजे तिफणीच्या ओळी दिसतात. हरभऱ्यासाठी फिकट हिरवा भुस्सा ओळींत. नांगरून ठेवलेल्या तुकड्यासाठी कॉर्डुरॉयचे कापड, वर काळी माती. तुरीची काढणी होऊन गेली असेल तर बांधावर तुराट्यांचा एक ढीग ठेवावा.

कोप करायला ज्वारीच्या कडब्याची पाने लांबट चिरून घ्यावीत. तीन सेंटिमीटर उंचीचा सांगाडा तारेचा, त्यावर ही पाने टेकवावीत. आत पाच खडे ठेवून त्यांना चुन्याचा ठिपका द्यावा. झाडाखाली पंगत, थोडे दूर सोडलेले बैल आणि बांधावर टेकवलेली बैलगाडी.

माणसे तयार मिळतात, पण त्यांचे कोट आणि हॅट चालत नाहीत. एम-सीलने डोक्यावर पटका किंवा पदर चढवावा, अंगावर धोतराचा किंवा नऊवारीचा रंग द्यावा. एकोणीस मिलिमीटरच्या माणसाला डोळे काढण्याच्या भानगडीत पडू नये. त्याची उभे राहण्याची ढब बरोबर असली की पुरे. येणाऱ्या गाडीकडे हात हलवणारी दोन पोरे मात्र हवीतच.

माळवदाची घरे आणि स्टेशन

या भागातले जुने घर म्हणजे काळ्या दगडाच्या जाड भिंती आणि वर लाकडावर मातीचे सपाट माळवद. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशी असंख्य घरे कोसळली. भिंतीतले दगड नीट बांधलेले नव्हते आणि माथ्यावर मातीचे प्रचंड ओझे होते. त्यानंतर गावेच्या गावे नव्या पद्धतीने वसली. म्हणून १९६०-७० च्या काळाचा देखावा करत असाल तर माळवदाची घरे काळजीने बनवा. त्या गावांचा तो चेहरा आता फार थोड्या ठिकाणी उरला आहे.

भिंत कार्डशीटची करून तिच्यावर फेविकॉल आणि चाळणीतले अडीच-तीन मिलिमीटरचे काळे खडे बसवावेत. दारे कमी, खिडक्या लहान. माळवदाला कडेने पाच मिलिमीटरचा कठडा, वर पांढऱ्या मातीचा रंग. त्यावर वाळत घातलेल्या मिरच्यांचा लाल ठिपका आणि एक शिडी. नव्या काळाचे गाव असेल तर पत्रा, स्लॅब आणि पाण्याच्या काळ्या टाक्या.

स्टेशनची इमारत मनाने बनवू नये. मार्गावरच्या जुन्या स्टेशनांचे फोटो जमवावेत. फोटोत माणूस किंवा दार असेल तर त्यावरून बाकीची मापे काढता येतात : दार सहा फुटांचे धरा आणि इमारत किती दारे उंच व किती दारे लांब आहे ते मोजा.

गंज गोलाईचा मोह लातूरकराला होणारच. पण ती गोल बाजारपेठ पूर्ण बसवायला खोली लागेल. तिचा एक कमानदार चाप मागच्या पडद्यालगत, दुकानांच्या दर्शनी भागांपुरता, दोन सेंटिमीटर जाडीत उभा करावा. पुढे गुळाच्या भेल्या, डाळीची पोती आणि हमाल. बाकीची गोलाई बघणारा मनात पूर्ण करतो.

मागचे आकाश

फळीच्या मागे दीड फूट उंच सनबोर्ड लावावा आणि कोपरे काटकोनात न ठेवता वळवून घ्यावेत. कोपऱ्याची उभी रेघ दिसली की आकाश मोडते. रंग वरून निळा आणि खाली येता येता पांढरट, क्षितिजाशी धुळीची पिवडी मिसळलेली. त्यावर सपाट माथ्याच्या टेकड्यांच्या दोन ओळी, मागची अधिक फिकट. ढग नकोत. मार्गशीर्षात लातूरच्या आकाशाला त्यांची गरज नसते.

दिवे उबदार पिवळसर एलईडीचे आणि एकाच बाजूने लावावेत. सावल्या दोन दिशांना पडल्या तर सूर्य दोन होतात.

मोठी गाडी करायची असेल तर

छोट्या गाडीची आठवण नसलेल्या मुलांना आजचे लातूर करावेसे वाटेल, तर विषय तयार आहे. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात लातूरला रेल्वेने पाणी आले. मिरजेहून निघालेली पहिली ‘जलदूत’ दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन १२ एप्रिलला पोचली. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर हा तिचा रस्ता. ज्या गावांना बार्शी लाइटने एका ओळीत ओवले होते, त्याच गावांतून ते पाणी आले.

हा देखावा उन्हाळ्याचा आहे. भेगाळलेली काळी, पाने झडलेली झाडे, कोरडा ओढा, गोल टाक्यांची तपकिरी रांग आणि रुळांशेजारी उभी माणसे. हिरवा रंग जवळजवळ लागतच नाही. रूळ ब्रॉडगेजपेक्षा अरुंद दिसतील, पण खडी थोडी रुंद पसरली तर ते डोळ्याला टोचत नाही.

टिकवायचे कसे

मराठवाड्यात देखाव्याचा मोठा शत्रू धूळ आहे. काम नसेल तेव्हा जुनी सुती साडी वरून घालावी. महिन्यातून एकदा मऊ मेकअप ब्रशने धूळ काढावी आणि रुळांचा माथा स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. काडी, साल, भुस्सा यांना वाळवी लागते, म्हणून ते वापरण्याआधी उन्हात वाळवून बोरिक पावडर भुरभुरावी. पावसाळ्यात फळी भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावी.

कामाचा क्रम एकदा सांगतो : चौकट, रूळ बसवणे, गाडी पूर्ण फेरी न अडखळता धावते का ते पाहणे, टेकडी, खडक, माती, खडी, इमारती, शेत, झाडे, शेवटी माणसे. रोज तासभर दिला तर अडीच बाय चार फुटांचा देखावा पाच-सहा महिन्यांत उभा राहतो. घाईने एका दिवाळीत उरकू नये.

आणि एक कोपरा मुद्दाम कोरा ठेवावा. लातूर, मुरूड, ढोकी, येडशी, बार्शी या गावांत छोट्या गाडीतून शाळेला, बाजाराला, पंढरीच्या वारीला गेलेली माणसे अजून आहेत. त्यांच्यातल्या एखाद्या आजोबांना किंवा आजींना घरी बोलवावे, फळीसमोर खुर्ची द्यावी आणि गाडी सोडावी. दोन फेऱ्या झाल्या की ते बोट दाखवून सांगू लागतात : इथे पाण्याची टाकी होती, इथे गाडी इतकी हळू व्हायची की उतरून चालता यायचे, या झाडाखाली चहावाला बसायचा. त्या कोपऱ्यात काय बसवायचे, ते त्यांनाच विचारावे.